कठड्यावरचा शेवटचा हात

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंतीला चुना फासणारा नव्हे, आणि दुकानात डझनाने टांगलेला असतो तसलाही नव्हे. मी व्हार्निशचा ब्रश आहे. गलबताच्या लाकडावर काचेसारखा चकचकीत थर चढवणे हे माझे काम. आता माझे केस झिजून बोटाच्या पेराएवढे उरले आहेत. तरीही तुर्कस्तानातल्या बोझबुरुनच्या किनाऱ्यावरची ती गुरुवारची सकाळ आठवली की मला पुन्हा स्फुरण चढते. तीच आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी माझी थोडी हकीकत ऐका.

माझा जन्म इझमीरच्या एका बोळात झाला. एका कारागिराने बैलाच्या कानातले मऊ केस निवडून, विंचरून, पितळी पट्टीत घट्ट बसवले आणि ऑलिव्हच्या लाकडाची मूठ लावली. माझे पहिले मालक हुर्शित उस्ता (उस्ता म्हणजे कसबात मुरलेला कारागीर). त्यांनी मला विकत घेण्याआधी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले आणि म्हणाले, "हा चालेल. गुदगुल्या करतो, ओरखडत नाही." माझी ती पहिली परीक्षा, आणि मी पास झालो!

बोझबुरुनला सगळा गाव गलबतांवर जगतो. सुतार फळ्या तासतात, खिळे ठोकतात, आणि त्यांचे काम संपले की हुर्शित उस्तांना बोलावणे यायचे. दारे, सुकाणूचे चाक, जिने आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो गलबताभोवतीचा लांबच लांब कठडा. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने लाकूड दोन वर्षांत राखेसारखे होते. त्याला वाचवायचे तर व्हार्निश हवे, आणि तेही एक हात देऊन भागत नाही. नऊ हात द्यावे लागतात. प्रत्येक हात सुकला की पॉलिश पेपरने घासायचा, पुसायचा, मग पुढचा.

उस्तांचे नियम कडक होते. व्हार्निशचा डबा हलवायचा नाही, बुडबुडे येतात. जुन्या मोज्यातून गाळून घ्यायचे. ब्रश फक्त एक तृतीयांश बुडवायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ओली कड. तुम्ही व्हार्निश ओढत पुढे जाता तेव्हा मागे सोडलेली कड सुकायच्या आत पुढचा फटकारा तिला येऊन भिडला पाहिजे. उशीर झाला तर तिथे एक रेघ उमटते आणि ती जन्मभर दिसते. म्हणून एकदा कठड्याला हात लावला की मध्ये थांबता येत नाही. शिंक आली तरी चालत चालत शिंकायची!

उस्तांनी ही विद्या दोघींना दिली. एक त्यांची मुलगी पेरिहान. तिचा हात अगदी बापासारखा, संथ आणि सरळ. दुसरी त्यांची सून गुलसूम. ती डोंगरातल्या, मधमाश्या पाळणाऱ्या घरातून आलेली. सुरुवातीला ती इतके व्हार्निश घ्यायची की खाली ओघळ यायचे.

"मधाचा डबा समजलीस काय गं?" पेरिहान तिला चिडवायची. "पावाला लाव थोडं, नाश्ता होईल!"

"आब्ला, तू आधी चाखून दाखव," गुलसूम उलट म्हणायची. आब्ला म्हणजे ताई. नणंद-भावजय हसत हसत काम करायच्या आणि मी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचो. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तो दिवस उगवला. उस्ता गलबतांच्या आवारात एका दारावर काम करत होते. गुलसूम शेजारी उभी होती. त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "जरा धर. चहा पिऊन येतो." ते चहाखान्यापर्यंत पोचले आणि तिथेच कोसळले. ते परत आले नाहीत.

लोक धावत आवारात आले तेव्हा मी गुलसूमच्या हातात होतो. कोणीतरी म्हणाले, "उस्तांनी जाता जाता सुनेला ब्रश दिला!" आमच्याकडे ब्रश देणे म्हणजे वारसा देणे. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या गावात पसरले. गुलसूम रडत होती. त्या वेळी ती काहीच बोलली नाही. नंतर बोलणे अवघड होत गेले. लोक तिला 'गुलसूम उस्ता' म्हणू लागले. आणि पेरिहान? तिने दुखवट्याचे चाळीस दिवस संपेपर्यंत वाट पाहिली. मग ती आवारात यायची बंद झाली आणि भावजयीशी बोलायचीही बंद झाली.

त्या दुखवट्याच्या दिवसांत मला कोणी धुतलेही नव्हते. माझे केस दगडासारखे कडक झाले. मला वाटले, संपलो! पण गुलसूमने मला चार दिवस टर्पेंटाइनमध्ये भिजवले, सुईने एकेक केस सोडवला, साबणाने धुतले. मी पुन्हा मऊ झालो. तेव्हापासून सहा वर्षे तिने मला एकदाही ओले टाकले नाही. पण मला उचलताना दर वेळी तिचा अंगठा क्षणभर अडखळायचा. मला सगळे माहीत होते, पण मी काय सांगणार? मला तोंड नाही, नुसते केस आहेत.

आणि आता ती गोष्ट!

याकूप रेईसने, म्हणजे याकूप कप्तानाने, दोन वर्षे वाट पाहून एक मोठे गलबत बांधून घेतले होते. बांधणारा गुलसूमचा नवरा, म्हणजेच पेरिहानचा भाऊ, फेहमी. शुक्रवारी नमाजानंतर गलबत पाण्यात सोडायचे ठरले होते. तीन खाड्यांतून पाहुणे येणार होते, आणि शनिवारी रेईसला मार्मारिसहून पहिले प्रवासी घ्यायचे होते. आम्ही कठड्याला नववा, शेवटचा हात दिला. मंगळवारी सकाळी उजवी बाजू, बुधवारी सकाळी डावी. एकेक बाजू चाळीस पावलांची. काय झळकत होता तो कठडा! त्यात समुद्र दिसत होता.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला बसले. कठड्याचा थर अजून कोवळा होता. तेवढ्यात गलबताला लावलेल्या फळीवरून टप टप टप आवाज करत एक बकरी वर चढली. तिने डेकवर इकडेतिकडे पाहिले आणि उडी मारून थेट कठड्यावर! एका बाजूने ती ऐटीत चालत पुढे गेली, नाळेच्या, म्हणजे गलबताच्या पुढच्या, टोकावर उभी राहून ब्यां केले, आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच ऐटीत परत आली. दोन्ही बाजूंना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खुरांचे ठसे!

गुलसूमने किंकाळी फोडली आणि चप्पल भिरकावली. बकरी पळाली ती सरळ आपल्या मालकिणीकडे. आणि थोड्याच वेळात ती मालकीण सहा वर्षांनी प्रथमच आवारात आली. ती पेरिहान होती.

"फेहमी," ती भावाला म्हणाली, "तुझ्या बायकोला विचार, माझ्या बकरीला दगड कोणी मारला?"

"फेहमी," गुलसूम म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, दगड नाही, चप्पल होती. आणि तिच्या लाडकीने काय करून ठेवलंय तेही वर नेऊन दाखव."

फेहमी हातात रंधा घेऊन दोघींच्या मधोमध उभा. "तुम्हा दोघींनाही ऐकू येतंय ना?" तो पुटपुटला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

पेरिहान वर आली. तिने एक डोळा मिटला, गाल कठड्याजवळ नेला आणि उजेडाच्या दिशेने तिरके पाहिले. अगदी तिचे वडील पाहायचे तसे. ठसे चांगलेच खोल होते. सुकल्यावर संध्याकाळपर्यंत घासून ते काढता आले असते, पण मग दोन्ही बाजूंना पुन्हा एक हात द्यावा लागणार होता. त्यासाठी उरली होती फक्त गुरुवारची सकाळ. पहाटेचे दव सुकेपर्यंत सात वाजतात, आणि अकराच्या पुढे मेल्तेम सुटतो. हा आमच्याकडचा उन्हाळी वारा. तो एकदा सुटला की साऱ्या किनाऱ्याचा भुसा आणि धूळ ओल्या व्हार्निशवर येऊन बसते. एका माणसाला एका सकाळी एकच बाजू होते, आणि गावातले बाकीचे व्हार्निशवाले कामाला बोडरुमला गेलेले.

खाली याकूप रेईस डोके धरून बसला होता. "पाहुणे विचारतील, रेईस, हे गलबत आहे का गोठा? काय सांगू मी त्यांना?"

पेरिहान सरळ झाली. "फेहमी, तुझ्या बायकोला सांग, उद्या सात वाजता येते. बकरी माझी आहे."

मित्रांनो, त्या दिवशी टर्पेंटाइनच्या डब्यात लटकून मी किती उतावीळ झालो होतो म्हणून सांगू! दोघी एकाच कठड्यावर! सहा वर्षांनी!

गुरुवारी वारा अगदी पडलेला. समुद्र तेलासारखा. फेहमीने जमिनीवर पाणी शिंपडले आणि जाहीर केले की आज आवारात करवत तर सोडाच, कोणी खाकरलेसुद्धा तर खबरदार. पेरिहान आली ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून. तिच्या हातात दुकानातला नवा कोरा ब्रश होता. त्याला पाहून मला जरा हसूच आले. नव्याचे केस गळतात, हे कोणीही सांगेल.

"काम सोपं जावो," फेहमी म्हणाला.

दोघी मागच्या टोकाला पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि निघाल्या. उजवीकडून गुलसूम आणि मी, डावीकडून पेरिहान. दोघींनी पुढे नाळेच्या टोकाला भेटायचे होते. बुडव, निथळ, ओढ, हलकेच परत फिरव. बुडव, निथळ, ओढ, फिरव! मी अक्षरशः नाचत होतो. लाकूड माझ्याखाली मधाच्या रंगाने पेटत चालले होते.

"फेहमी," पलीकडून आवाज आला, "तुझ्या बायकोला सांग, जाड ओढतेय. मला इथून दिसतंय."

"फेहमी, तुझ्या बहिणीला सांग, मधाचे दिवस गेले. आता ओघळ येत नाहीत."

खाली झारी घेऊन उभा असलेला फेहमी म्हणाला, "सांगितलं समजा. दोघींना."

निम्मी वाट संपली तेव्हा मला कळले की पलीकडे काहीतरी बिनसले आहे. पेरिहान दर चार फटकाऱ्यांनी थांबत होती. तिचा ब्रश केस गाळत होता. ओल्या व्हार्निशमध्ये अडकलेला एकेक केस ती नखाने उचलत होती, आणि तोवर तिची कड सुकायला लागत होती. ती दातओठ खाऊन पुढे सरकत होती, पण मागे पडत होती. सूर्य वर चढला. थर लवकर सुकू लागला.

आम्ही नाळेच्या टोकाला पोचलो तेव्हा पेरिहान अजून पंधरा पावले मागे होती. गुलसूमने एक श्वास घेतला. इथे थांबले तर आमची कड सुकणार, आणि गलबताच्या अगदी नाकावर रेघ! ती थांबलीच नाही. टोकाला वळसा घालून ती पेरिहानच्या बाजूला उतरली आणि उलट दिशेने तिच्याकडे येऊ लागली. आता दोघी समोरासमोर. मध्ये उरले कोरडे लाकूड. दहा पावले. सात. चार.

"आब्ला," गुलसूम म्हणाली.

सहा वर्षांत तिने नणंदेला थेट हाक मारली नव्हती. पेरिहानने मान वर केली नाही. हात चालू होता.

"आब्ला, बाबांनी मला ब्रश दिला नव्हता."

गुलसूमने मला बुडवले आणि पुढचा फटकारा ओढला.

"'जरा धर, चहा पिऊन येतो,' एवढंच म्हणाले होते. लोक म्हणाले, दिला. मी गप्प बसले. मग मला उस्ता म्हणायला लागले. मला ते आवडलं, आब्ला. खोटं कशाला सांगू?"

पेरिहानचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पण तिचा ब्रश थांबला नाही. थांबताच येत नव्हते!

"आत्ता सांगतेस?" ती दबक्या आवाजात ओरडली. "माझ्या हातात ओली कड असताना?"

"म्हणूनच सांगतेय. एरवी तू निघून गेली असतीस."

"सहा वर्षं..." पेरिहान म्हणाली. फटकारा ओढला. "सहा वर्षं मी कबरीवर जाऊन बाबांना विचारतेय." आणखी एक फटकारा. "मी कुठे कमी पडले? परक्या घरच्या पोरीत काय पाहिलंत? त्यांनी तर काही पाहिलंच नव्हतं. ते चहाला गेले होते!"

गुलसूमच्या डोळ्यांतून पाणी आले. ते कठड्यावर पडू नये म्हणून तिने मान बाहेरच्या बाजूला वळवली. अशा वेळीही! मला तिचा फार अभिमान वाटला.

अजून दोन पावले उरली होती. तेवढ्यात पेरिहानच्या ब्रशने एकदम तीन केस टाकले. ते उचलायला वेळ नव्हता. गुलसूमने मला पुढे केले.

"हा घे."

"नको."

"घे आधी. रागव नंतर. कड सुकतेय!"

पेरिहानने आपला ब्रश मागे फेकला आणि मला हिसकावून घेतले. मित्रांनो, तो हात! अंगठा पट्टीच्या वर, तर्जनी कडेला, आणि मनगट सैल. हुर्शित उस्ता मला असेच धरायचे. गुलसूमने डोक्याच्या रुमालाची पिन काढून ते तीन केस टिपले. मी व्हार्निशमध्ये बुडालो, निथळलो आणि एका दमात त्या दोन पावलांवरून सरसरत गेलो. समोरची ओली कड, मागची ओली कड, दोन्ही एकमेकींत मिसळल्या. शेवटी पेरिहानने मला हलकेच, नुसत्या टोकांवर, त्या जागेवरून एकदा फिरवले आणि उचलले.

झाले! सव्वानऊ वाजले होते.

आता वाऱ्याची वाट. फेहमी पुन्हा पुन्हा पाणी शिंपडत होता. रेईस दर पाच मिनिटांनी ओले बोट हवेत धरत होता. साडेअकराला समुद्रावर पहिली काळी सुरकुती दिसली. मेल्तेम येत होता! पेरिहानने कठड्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला बोटाची मागची बाजू टेकवली.

"चिकटत नाही," ती म्हणाली.

आवारात आरोळी उठली. रेईसने फेहमीला उचलले आणि फेहमीने झारीतले उरलेले पाणी रेईसच्या डोक्यावर ओतले. वारा आला, भुसा उडाला, आणि कठड्यावरून घसरून समुद्रात गेला.

पेरिहानने मला खाली नेले, तीनदा टर्पेंटाइनमध्ये धुतले, दोन्ही तळव्यांत धरून गरगर फिरवले, कागदात गुंडाळले आणि घरी घेऊन गेली. गुलसूमशी ती एक शब्द बोलली नाही. गुलसूमनेही मला मागितले नाही.

शुक्रवारी पेरिहान मला रुमालात बांधून आवारात घेऊन आली. रुमाल, टोप्या, छत्र्या, मुले! मेंढा कापला गेला, दुआ झाली, घसरणीच्या ओंडक्यांना चरबी फासली. पाचर निघाली आणि ते प्रचंड गलबत आधी कुरकुरले, मग सरकले, मग सुसाट पाण्यात गेले! लोक ओरडले, भोंगे वाजले. रेईसने कठड्यावरून टोकापासून टोकापर्यंत तळवा फिरवला.

"दोघींचे हात कुठे मिळाले?" त्याने वरून विचारले. "सापडत नाही मला!"

"सापडणारही नाही," पेरिहान खालून ओरडली. "तुमच्या हातांना सुख लागो" असे सारे त्या दोघींना म्हणत होते, पण त्या मात्र गर्दीच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

मी अकरा दिवस पेरिहानच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लटकत होतो. ती मला रोज पाही. एकदा माझी मूठ हातात घेऊन बराच वेळ बसली. बाराव्या दिवशी तिने मला उचलले आणि थेट आवारात गेली. नव्या होडीचे दार स्टँडवर लावलेले होते. गुलसूम पॉलिश पेपर घेऊन वाकली होती. तिने वर पाहिले आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय बघतेस?" पेरिहान म्हणाली. "डबा उघड. आणि हलवू नकोस. राग अजून गेलेला नाही माझा, सांगून ठेवते. पण दार आज सुकायला हवं."

"हो, आब्ला."

"आणि मला उस्ता म्हण. निदान वर्षभर."

गुलसूम हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "हो, उस्ता," ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. दोघींचे केस पांढरे झाले, माझे तर निम्मे गळाले. लांब कठडे आता माझ्याने होत नाहीत. कोपरे, कोरलेली नावे, चाकाचे आरे, अशी बारीक कामे मला देतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मला धुवायला पाच मिनिटे लागतात, आणि न धुता टाकले तर सोडवायला चार दिवस. तुमच्या हाताखालच्या वस्तूंनाही ती पाच मिनिटे द्या. आणि कोणाची वस्तू चुकून हातात राहिली, तर त्या दिवशीच जाऊन सांगा. सहा वर्षे फार असतात.

बाहेर आता घासण्याची खरखर थांबली आहे. ओल्या मातीचा वास येतो आहे, म्हणजे पाणी शिंपडून झाले. वारा नाही. पेरिहान उस्तांची चप्पल वाजते आहे. अहाहा, डबा उघडला!